उभ्या शहराच्या शिरा

रात्री साडेआठला कामावरून घरी आलेल्या माणसाने मोजे काढले की घोट्याच्या वर, पायाभोवती एक खाच दिसते. मोज्याच्या इलॅस्टिकची. तोच मोजा, तोच पाय, पण सकाळी घालताना ती नव्हती. त्या खाचेच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरावा आणि उचलावा. खळगा राहिला तर दिवसभरात पायात पाणी उतरलंय असं समजायचं. हे पाणी रक्तातलंच असतं, केशवाहिन्यांच्या, म्हणजे धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींतून पाझरून मांसात साठलेलं. ते का पाझरलं हे शिरांना विचारावं लागतं, आणि शिरांना आपण सहसा काही विचारत नाही. हृदय, ब्लॉकेज, अँजिओग्राफी हे शब्द घराघरात आहेत. बीपी तर भाजीवालीलाही माहीत असतं. पण बीपी म्हणजे धमनीतला दाब. शिरेतल्या दाबाची चौकशी कुणी करत नाही.

मुंबईत तर ती करायलाच हवी, कारण या शहराची निम्मी कामं उभ्याने होतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, सिग्नलवरचा हवालदार, सलूनमधला कारागीर, इस्त्रीच्या टपरीतला माणूस, साडीच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडणाऱ्या मुली, पोळीभाजी केंद्रात शेगडीशी उभ्या असलेल्या बायका, ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर. यांच्या पायांत काय घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी शब्दाचं बघू. मराठीत ‘नस’ या एका शब्दावर फार ओझं आहे. नस चढते तेव्हा स्नायू आखडलेला असतो. नस दबते तेव्हा मज्जातंतू दबलेला असतो. आणि लॅबमध्ये ‘नस मिळत नाहीये’ म्हणतात तेव्हा खरोखरची रक्तवाहिनी मिळत नसते. त्यामुळे ‘पायाची नस दुखते’ असं सांगणाऱ्याला नेमकं काय होतंय ते बोट ठेवून दाखवायला लावावंच लागतं. पाठ्यपुस्तकात ‘नीला’ हा चांगला शब्द आहे, पण तो परीक्षेबाहेर कुणी वापरत नाही. मी शीरच म्हणतो. शिरा ताणून भांडणाऱ्याच्या मानेवर जी दोरी फुगते, ती खरोखर शीर असते: जोर लावताना छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून उतरणारं रक्त छातीच्या दाराशी अडतं आणि मानेवरची शीर टरारते. वाक्प्रचार बनवणाऱ्याची नजर अचूक होती.

शीर म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी. व्याख्या एवढीच, आणि ती दिशेवर बेतलेली आहे. शाळेत ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त’ असं घोकून घेतात त्याचा मला राग येतो. फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या चार शिरांमध्ये ऑक्सिजनने भरलेलं रक्त असतं. गर्भाच्या नाळेतल्या शिरेतही तसंच. शिवाय माणूस शांत बसलेला असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिनही सुमारे ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. त्याला अशुद्ध म्हणणं म्हणजे पाऊण भरलेल्या हंड्याला रिकामा म्हणणं. या एका शब्दामुळेच ‘पायात अशुद्ध रक्त साचलंय, ते काढून टाकू’ म्हणणाऱ्यांचं फावतं. रंगाचंही तसंच. शिरा त्वचेखालून निळसर दिसतात तो प्रकाशाचा खेळ आहे, आतलं रक्त गडद लालच असतं.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. धमनीची भिंत जाड, स्नायूची. रिकामी झाली तरी ती गोल राहते. शिरेची भिंत पातळ. रिकामी झाली की चपटी पडते, भरली की दाब फारसा न वाढता पुष्कळ रक्त सामावून घेते. म्हणून ती वाट आहे आणि कोठारही. हृदयातून निघताना रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याचे ९५ मिलिमीटर असतो. केशवाहिन्या ओलांडून शिरेच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यातले दहा-पंधरा उरतात, आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात शिरताना शून्य ते पाच. परतीचा सगळा प्रवास या शिल्लक रेट्यावर चालतो.

तो एकाच दिशेने का चालतो, हे स्वतःच्या हातावर बघता येतं. डावा हात मिनिटभर खाली लोंबू द्या. मनगट ते कोपर यांच्यामध्ये एखादी सरळ, फाटे न फुटलेली शीर शोधा. तिच्यावर मधूनमधून बारीक गाठी जाणवतात, ऊस सोलल्यावर पेरं लागतात तशा. आता उजव्या हाताचा अंगठा शिरेच्या मनगटाकडच्या टोकावर दाबून ठेवा. तो हलवायचा नाही. त्याच हाताच्या तर्जनीने, अंगठ्यापासून सुरुवात करून, शीर कोपराच्या दिशेने निपटत न्या, एक गाठ ओलांडून पुढे. मग तर्जनी उचला. वरचं रक्त मागे येऊ पाहतं आणि गाठीशी येऊन थांबतं. गाठ ते अंगठा एवढा तुकडा सपाट, रिकामा राहतो. अंगठा उचला, की तोच तुकडा खालून क्षणात भरतो. गाठीच्या जागी झडप आहे: आतल्या अस्तराच्या दोन नाजूक पाकळ्या, वर जाणाऱ्या रक्ताला वाट देणाऱ्या आणि खाली येणाऱ्या रक्ताने फुगून मिटणाऱ्या.

हा प्रयोग इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली, दंडाला पट्टा बांधलेल्या हाताच्या चित्रांसह छापला. गंमत अशी की झडपांचं वर्णन इटलीतल्या पाडुआत त्यांचे गुरू फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्येच केलं होतं. पण रक्त हृदयाकडून शिरांमधून बाहेर जातं हा जुना समज पक्का असल्यामुळे, झडपा त्या जाणाऱ्या रक्ताचा वेग कमी करतात असं त्यांना वाटलं. डोळ्यांसमोर झडप होती, तिची दिशाही दिसत होती, तरी अर्थ लागला नाही. हार्वे यांनी बोट ठेवून दिशा तपासली आणि रक्त फिरून परत येतं हे सिद्ध केलं. धमनीतून शिरेत ते नेमकं कसं शिरतं ते मात्र त्यांना दाखवता आलं नाही. त्या केशवाहिन्या इटालियन शास्त्रज्ञ मालपिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

हार्वे यांनी दंडाला बांधलेला पट्टा आज रोज सकाळी सातला दादरपासून डोंबिवलीपर्यंतच्या लॅबमध्ये हजारो दंडांवर बांधला जातो. तत्त्व तेच. पट्टा एवढाच घट्ट हवा की शीर दबेल आणि खोलवरची धमनी वाहती राहील. मग रक्त येत राहतं, परत जात नाही, शीर फुगते. मनगटाची नाडी लागेनाशी झाली तर पट्टा जास्त आवळला आहे. तो सुईच्या जागेपासून चार बोटं वर बांधायचा आणि मिनिटाच्या आत सोडायचा. जास्त वेळ राहिला तर पाणी शिरेबाहेर पाझरतं आणि मागे राहिलेल्या रक्तातली प्रथिनं, पेशी घट्ट होऊन आकडे चुकतात. मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप करायला सांगू नये. त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. एकदा वळली की पुरे.

कोपराच्या खळग्यात तीन शिरांचा मिळून एक वेडावाकडा एम असतो. त्यातली मधली, तिरकी जाणारी शीर सगळ्यात बरी: मोठी, वरवरची आणि फारशी न सरकणारी. अंगठ्याच्या बाजूची दुसरी पसंती. करंगळीच्या बाजूची मोठी दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्या शेजारी धमनी आणि मज्जातंतू असतात, म्हणून ती शेवटी. अनुभवी हात शीर डोळ्यांनी शोधत नाहीत, बोटाने शोधतात. शीर दाबल्यावर उसळी घेते, कंडरा घेत नाही, धमनी ठोका देते. स्पिरिट लावून ते वाळेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं. ओलं असताना टोचलं तर झोंबतं आणि रक्तपेशी फुटू शकतात. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश. रक्त येऊ लागलं की पट्टा सोडायचा, आणि सुई काढण्याआधी तर सोडायचाच, नाहीतर फुगलेली शीर त्या भोकातून त्वचेखाली रक्त सोडते आणि दुसऱ्या दिवशी काळंनिळं होतं. कापूस लावून कोपर दुमडायची सवय सगळ्यांना असते. ती चुकीची आहे. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं दाबून धरावं.

‘यांची नस मिळतच नाही’ असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांतले पुष्कळजण रात्रीपासून पाणी न पिता आलेले असतात. उपाशीपोटी साखर म्हणजे अन्न नको, चहा नको. साधं पाणी चालतं. दोन पेले पाणी पिऊन, लॅबच्या एसीत हात गार पडला असेल तर तो चोळून गरम करून, दोन मिनिटं खाली सोडून बसलं की तीच शीर वर येते. कोरडी आणि गारठलेली शीर आकसते, त्यात त्या माणसाचा काही दोष नाही.

आता पाय. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण सव्वा मीटर अंतर असतं. तेवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ घोट्याच्या शिरेवर उभा राहतो, आणि त्याचं वजन भरतं पाऱ्याचे सुमारे ९० मिलिमीटर. आडवा असताना त्याच शिरेत दहा-बारा असतात. इथे एक गैरसमज आधी काढून टाकतो: उभं राहिल्याने रक्त पायात ‘अडकत’ नाही. धमनीच्या बाजूलाही तेवढाच स्तंभ असतो, दोन्ही बाजूंनी वजन सारखंच वाढतं, त्यामुळे हृदयाचा उरलेला रेटा रक्ताला वर ढकलतच राहतो. प्रवाह चालू असतो. त्रास दाबाचा आहे. केशवाहिन्यांच्या पुढ्यात नव्वदचा दाब तासन् तास राहिला, की पाणी भिंतीतून बाहेर पडू लागतं. मोज्याची खाच तिथून येते.

हा दाब उतरवण्याची सोय शरीरात आहे, आणि ती मुंबईकराला एका वाक्यात कळेल, कारण प्रत्येक इमारतीत तिचा भाऊ आहे. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पाइपात एनआरव्ही बसवलेला असतो. पंप बंद झाला तरी चढलेलं पाणी तो मागे येऊ देत नाही. तो बिघडला की काय होतं ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा: पंप बंद केला की सगळा पाइप खाली रिता होतो. पायाच्या शिरेत असे एनआरव्ही एकामागून एक आहेत, गुडघ्याखाली जास्त, वर विरळ, आणि पोटातल्या महाशिरेत एकही नाही. इमारतीत पंप एका जागी असतो. पायात पाइपच पंपाच्या पोटात आहे. पोटरीचे दोन मोठे स्नायू एका न ताणणाऱ्या पिशवीत आवळलेले आहेत आणि खोल शिरा त्यांच्या मधून जातात. टाच उचलली की स्नायू फुगतो, पिशवी बाहेरून जागा देत नाही, शीर पिळली जाते. रक्ताला खाली जायला झडप मनाई करते, म्हणून ते वर जातं. टाच टेकली की स्नायू सैल पडतो, रिकामी झालेली खोल शीर त्वचेखालच्या शिरांमधलं रक्त जोडवाहिन्यांतून आत ओढून घेते. पुन्हा टाच, पुन्हा पिळा. आठ-दहा पावलांत घोट्याचा दाब नव्वदवरून तिशीच्या खाली येतो. थांबलं की निरोगी पायात तो परत चढायला वीस सेकंदांहून जास्त लागतात. झडपा गळक्या असतील तर त्याआधीच चढतो.

म्हणजे पोटरी चालत असेल तर उभ्या माणसाचा पायही हलका राहतो. आणि पोटरी थांबली तर बसलेल्याचाही जड होतो. चालण्याला ‘दगदग’ आणि नुसतं उभं राहण्याला ‘काय काम असतं त्याला’ असं आपण म्हणतो. शिरेच्या हिशोबात हे नेमकं उलटं आहे. पंधराव्या मजल्यापर्यंत पार्सल पोचवत हिंडणाऱ्या मुलापेक्षा बारा तास एका जागी उभ्या असलेल्या वॉचमनच्या घोट्यावर जास्त भार पडतो. दादरचा पूल चढणं कंटाळवाणं असेल, पण त्यातली प्रत्येक पायरी पोटरी पिळते. भरल्या लोकलमध्ये उभं राहणाऱ्याचे पायही तोल सावरताना थोडे तरी काम करतात. गेटवर त्याची सोय नाही, आणि पुष्कळ गेटांवर खुर्चीचीही नाही. दुकानात काम करणाऱ्यांना बसायची जागा द्यावी असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये केला. एका स्टुलाला कायदा लागावा याचं मला वाईट वाटतं, पण लागत असेल तर करावा. आणि स्टूल मिळेपर्यंत, गिऱ्हाईकाशी बोलताना, सिग्नल बदलायची वाट बघताना, दर थोड्या वेळाने दहा-पंधरा वेळा टाचा उचलाव्यात. पूर्ण, चवड्यावर येईपर्यंत.

पोटरीचा आणखी एक मदतनीस म्हणजे श्वास. आत घेताना छातीतला दाब घटतो, पोटातला वाढतो, आणि पोटातल्या महाशिरेतलं रक्त वर ओढलं जातं.

दोन्ही मदतनीस हरले की काय होतं ते लालबागच्या रांगेत दिसतं. भाद्रपदातला उकाडा, त्वचेच्या शिरा उष्णतेने सैलावलेल्या, माणूस तासन् तास एका जागी खिळलेला. उभं राहिल्यावर तसंही अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरतं. रांगेत ते वाढत जातं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, हृदय पुढे तरी काय ढकलणार? मेंदूचा पुरवठा क्षणभर कमी पडतो. डोळ्यांपुढे अंधारी, कानात आवाज, मग माणूस खाली. आडवं पडताच स्तंभ मोडतो, रक्त परततं, अर्ध्या-एक मिनिटात तो डोळे उघडतो. पडणं हाच त्यावरचा इलाज असतो, आणि भोवतीची माणसं प्रेमापोटी नेमका तोच हिरावून घेतात: दोघं काखेत हात घालून उभं धरतात, तिसरा खुर्ची आणतो, चौथा तोंडात पाणी ओततो. तसं करू नका. आडवं निजवा, पाय फूटभर उंच धरा, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी देऊ नका, उठवताना आधी बसवा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल किंवा डोकं आपटलं असेल तर हॉस्पिटल गाठायचं. आणि अंधारी येतेय असं आधीच वाटलं, तर पायाची अढी घालून मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळाव्यात, नाहीतर सरळ खाली बसावं. लाज वाटू देऊ नये.

झडप बिघडते ती बहुधा स्वतः फाटून नव्हे. शीर रुंदावते आणि दोन पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचेनाशा होतात. आईवडिलांकडून आलेली सैल भिंत, गरोदरपण, वजन, वय, पूर्वी होऊन गेलेली गुठळी, आणि वर्षानुवर्षांचं उभं राहणं. वरची झडप गळू लागली की तिचा भार खालचीवर, मग तिच्या खालचीवर. पायाच्या आतल्या घोट्यासमोरून निघून मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाणारी त्वचेखालची लांब शीर यात सगळ्यात जास्त सापडते. तिला आधाराला स्नायू नाही, नुसती चरबी आणि कातडी. ती वाकडीतिकडी, गाठाळ होते. याला सगळे ‘व्हेरिकोज व्हेन्स’च म्हणतात.

दिसायला वाईट म्हणून लोक येतात, पण जपायचं असतं घोट्याच्या आतल्या बाजूच्या कातडीला. तिथे संध्याकाळी जडपणा, रात्री पेटके, मग खाज, मग तपकिरी डाग. हा रंग म्हणजे केशवाहिन्यांतून बाहेर पडून मेलेल्या तांबड्या पेशींचं लोह. पुढे कातडी कडक होते, आणि एक दिवस डासाने चावलेलं खाजवलं की जखम होते जी भरत नाही. अशी जखम वर्षवर्ष पावडर, मलम आणि अँटिबायोटिकवर काढलेली माणसं सर्रास भेटतात. वरून काहीही लावा, आत नव्वदचा दाब तसाच असेल तर कातडी भरणार कशी? ती भरते घोट्यापासून वर नीट आवळून बांधलेल्या पट्टीने आणि उंच ठेवलेल्या पायाने. पट्टीआधी एक गोष्ट मात्र तपासायची: पायाची नाडी. पाय गार असेल, बोटं काळवंडली असतील, जुना मधुमेह असेल, तर धमनीचा पुरवठा पुरेसा आहे ना ते डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह तपासणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्राने बघितल्याशिवाय आवळायचं नाही.

बिघडलेली शीर लेझरने, रेडिओ लहरींच्या उष्णतेने किंवा फेसाळ औषधाने बंद करतात, काही वेळा शस्त्रक्रियेने काढतात. ‘मग रक्त कुठून जाणार?’ हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त मुळात खोल शिरांमधूनच जातं. गळकी वाट बंद केल्याने त्यांचं ओझं हलकं होतं.

दाबाचे मोजे हा साधा उपाय आहे, आणि तो मुंबईत बहुधा मोज्याच्या खोक्यातच राहतो. गरम होतं, चढत नाहीत, महाग आहेत. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण चढवायची एक रीत आहे. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं: घोट्यावर सगळ्यात बारीक जागी, पोटरीवर सगळ्यात जाड जागी, आणि गुडघ्याखालपर्यंतची उंची. बहुतेकांना गुडघ्याखालचेच पुरतात. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी घालायचे. आंघोळ करून, घरात तासभर वावरून घातले तर फुगलेल्या पायावर आवळणं होतं. मोज्यात हात घालून टाच चिमटीत धरायची, मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सारायचं, टाच टाचेवर बसली की उरलेला भाग थोडा थोडा वर सरकवायचा. रबरी हातमोजे घातले तर पकड येते. घामट पायाला आधी थोडी पावडर. वरची कड कधीही दुमडायची नाही. दुमडली की तिथे दुप्पट दाब पडतो आणि लॅबच्या पट्ट्यासारखी ती शीर अडवते, म्हणजे मोज्याचं काम उलटंच होतं. पुढून उघडे मोजे चपलेत चालतात आणि पावसाळ्यात बोटं कुजत नाहीत. दोन जोड हवेत, रोज हाताने धुवून, न पिळता, सावलीत वाळवायचे. सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो, मग ते साधे मोजे होतात.

झोपताना पाय हृदयापेक्षा उंच हवेत. स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघण्याने पायाचा स्तंभ कमी होतो, संपत नाही. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट सारली की काम होतं. चाळीत जमिनीवर निजणाऱ्याने गादीच्या टोकाखाली घडी केलेली रजई घालावी.

फुगलेल्या शिरेवरची कातडी पातळ झालेली असते. आंघोळीत घासताना ती फुटली, तर न दुखता धार लागते आणि बाथरूम लाल होतं. घाबरून माणूस उभाच राहतो, कुणीतरी मांडीला दोरी बांधतं, आणि रक्त आणखी जोरात येतं, कारण दोरीने परतीची वाट बंद झाली आणि येणारं रक्त चालूच राहिलं. इथे एवढंच करायचं: तिथेच आडवं पडा, पाय भिंतीवर वर करा, स्वच्छ फडक्याने नेमक्या जागेवर दहा मिनिटं न उचलता दाबा. स्तंभ मोडला की धार थांबते. मग घट्ट पट्टी, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

सगळ्यात जास्त तळमळीने सांगावंसं वाटतं ते मालिशबद्दल. ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर, प्लास्टरमध्ये पडून राहिल्यावर, लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, तर घरात तेल गरम करायला घेतात. आजी, मावशी, शेजारीण, सगळ्यांचा हात मायेचा असतो. पण खोल शिरेत रक्त गोठलेलं असू शकतं. तिथे गोठायला तीन कारणं पुरतात: संथ झालेलं रक्त, दुखावलेली भिंत, आणि लवकर गोठणारं रक्त, बाळंतिणीत किंवा ऑपरेशनच्या रुग्णात ही तिन्ही एकत्र येतात. चोळलं तर गुठळी सुटू शकते, महाशिरेतून उजव्या हृदयात आणि तिथून फुप्फुसात. अचानक धाप, छातीत कळ, कधी तिथेच मृत्यू. निदान करायला सोनोग्राफीची काडी पुरते: शिरेवर ती दाबली की निरोगी शीर चपटी होऊन मिटते, गुठळीची मिटत नाही. पाचदहा मिनिटांचं काम. तेल नंतर कधीही लावता येतं.

बायपास करताना सर्जन बहुतेक वेळा हृदयासाठी लागणारी जास्तीची नळी पायातूनच घेतात, आतल्या घोट्यापासून वर जाणारी तीच लांब शीर. घेण्याआधी माणसाला उभं करून ती कुठे फुगली आहे का ते बघतात. गाठाळ झालेली शीर उपयोगाची नसते. चांगली असली तर काढून, फाट्यांना बारीक गाठी मारून, ती उलटी जोडतात: घोट्याकडचं टोक महाधमनीला, जांघेकडचं टोक हृदयाच्या धमनीला. सरळ लावली तर तिच्याच झडपा रक्त अडवतील. ज्या पायातून शीर घेतली तो पुढे काही आठवडे संध्याकाळी सुजतो. त्या रुग्णाला घरी पाठवताना छातीच्या जखमेबद्दल सगळं सांगितलं जातं. पायाबद्दल सांगायचं ते असं: बसाल तेव्हा पाय उंच ठेवा, डॉक्टर सांगतील तितके दिवस दाबाचा मोजा घाला, आणि दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला.